लेबर ऑफिसरची पदविका

कारखान्यातील भरती, पगार, शिस्त आणि तक्रारनिवारण सांभाळणे हा एक स्वतंत्र पेशा आहे आणि त्यासाठी पदवीनंतर वेगळे शिक्षण घ्यावे लागते, ही समजूत आज इतकी रुळली आहे की तिलाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा इंग्लंडमधील यॉर्क शहरात, राउंट्री यांच्या चॉकलेटच्या कारखान्यात १८९६ साली नेमलेल्या पहिल्या कल्याणसेविकेपासून सुरू होतो, तेथून अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राकडे वळतो आणि भारताचा उल्लेख शेवटच्या पानांवर उरकतो. विद्येच्या वंशावळीपुरते हे खरे मानले, तरी महाराष्ट्रात या विषयाचे पदव्युत्तर वर्ग का निघाले, त्यांत नोकरी करणाऱ्यांचीच गर्दी का झाली आणि त्यांच्या अभ्यासक्रमात कामगार कायद्याला एवढे मानाचे पान का मिळाले, याची उत्तरे यॉर्कमध्ये सापडत नाहीत. ती मुंबईच्या गिरण्यांत आणि मुंबई सरकारच्या कायद्यांत शोधावी लागतात.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून पुढची सुमारे ऐंशी वर्षे गिरणीत माणूस घेण्याचे काम व्यवस्थापकाच्या कचेरीत जवळजवळ होतच नव्हते. ते काम जॉबर, म्हणजे मुकादम, करीत असे. मुकादम हा कामगारांतूनच वर आलेला असे. आपल्या खात्यातील यंत्रे चालू राहतील हे पाहणे, नव्या माणसाला काम शिकवणे, खाडा झालेल्याच्या जागी दुसरा उभा करणे आणि नको असलेल्याला घरी पाठवणे, ही सगळी कामे त्याच्याकडे असत, आणि वाइंडिंग-रीलिंगसारख्या ज्या खात्यांत बायका काम करीत तेथे हेच अधिकार नाईकिणीच्या हाती असत. काम लावून दिल्याबद्दल मुकादमाला पैसे चारावे लागत आणि या पैशाला दस्तुरी म्हणत. मुकादम अनेकदा गाववाला असे, तो चाळीत खोली पाहून देई, वाण्याकडे उधारीसाठी शब्द टाकी आणि अडीनडीला व्याजाने पैसेही देई, त्यामुळे गिरणीतला वरिष्ठ आणि वस्तीतला आधार अशा दोन्ही नात्यांनी कामगार त्याच्याशी बांधला जाई. या मुकादमाला सर्वसत्ताधीश ठरवण्याची एक पद्धत जुन्या चौकशी अहवालांत पडून गेली आहे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मात्र १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की मुकादमाची सत्ता वस्तीतील पाठिंब्यावर उभी होती, त्याला प्रतिस्पर्धी होते आणि संपाच्या वेळी त्याला बरेचदा कामगारांच्या मागे जावे लागे. ही दुरुस्ती मान्य केली तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे कोणाला कामावर घेतले, कोणाला काढले आणि का, याची लेखी नोंद ठेवणारा जबाबदार माणूस गिरणीत नव्हता.

कल्याणाची कामे मात्र या काळातही काही ठिकाणी होत होती. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवृत्तिवेतन निधी आणि अपघातभरपाई यांची सोय झाली होती. पण ती मालकाच्या दृष्टीची आणि दानतीची बाब होती, त्यासाठी शिकलेला अधिकारी नेमावा असे कोणाला वाटले नव्हते. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईत सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या मांडल्या, आणि गिरणीमालकांच्या संघटनेने १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. परंतु त्या मागण्या सभा, अर्ज आणि 'दीनबंधू' पत्र यांच्याच मार्गाने मालकांपर्यंत न्याव्या लागल्या, कारण गिरणीच्या आत तक्रार ऐकून घेणारे दारच नव्हते.

हे दार उघडायला संप कारणीभूत झाले. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगारविषयक माहिती गोळा करण्यासाठी लेबर ऑफिस स्थापन केले. १९२८ मध्ये गिरण्यांचा सुमारे सहा महिने चाललेला संप झाला आणि त्यानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीसमोर जे विषय आले, त्यांत स्थायी आदेशांचा विषय महत्त्वाचा होता. स्थायी आदेश म्हणजे कामाची वेळ, रजा, हजेरी, गैरवर्तनाचे प्रकार आणि त्याबद्दलची शिक्षा यांचे कारखान्यात लावलेले लेखी नियम. जेथे लेखी नियम असतात तेथे ते वाचणारा, लावणारा आणि त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना सांगणारा माणूस लागतो, एवढी साधी गोष्ट या वादातून पुढे आली. पाठोपाठ १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने, ज्याचे अध्यक्ष जे. एच. व्हिटली होते आणि ज्यावर सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक ना. म. जोशी सभासद होते, १९३१ च्या अहवालात स्पष्ट शिफारस केली की भरती आणि बडतर्फी यांचे अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावेत, मोठ्या कारखान्यात स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावा, तो थेट सरव्यवस्थापकाच्या हाताखाली असावा आणि त्याला कामगारांची भाषा व माणसांची पारख असावी.

मुंबईत ही शिफारस कागदावर राहिली नाही. १९३४ च्या मुंबई औद्योगिक तंटा सलोखा कायद्याने सरकारी लेबर ऑफिसरची नेमणूक झाली, आणि गिरणी कामगारांच्या तक्रारी मालकांपुढे मांडणे हे त्याचे काम ठरले; मालकांच्या संघटनेनेही त्याच सुमारास आपला अधिकारी नेमला आणि १९३५ पासून बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत सुरू केली. बदली कामगार म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. पूर्वी असे लोक सकाळी गिरणीच्या दाराशी गोळा होत आणि मुकादम त्यांतून आपल्या मर्जीची माणसे उचलीत असे. नव्या पद्धतीत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना बदली कार्डे दिली जात, कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीत हजर राहायचे आणि रिकाम्या जागा आधी कार्डवाल्यांनी भरायच्या, असा नियम झाला. पद्धत कागदावर चोख होती. प्रत्यक्षात कार्ड कोणाला द्यायचे याबाबत मुकादमाचा शब्द बराच काळ चालत राहिला. तरीही भरती ही हजेरीपट आणि कार्ड यांच्याशी बांधली गेली आणि ती तपासता येऊ लागली, हा बदल लहान नव्हता. १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटा कायद्याने स्थायी आदेशांना कायद्याचे बळ दिले आणि लेबर ऑफिसरचे अधिकार आणखी वाढवले.

या पदावर बसण्यासाठी शिकलेली माणसे कोठून आणायची, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला, आणि त्याचे उत्तर एका वेगळ्याच दिशेने चाललेल्या प्रयत्नातून मिळाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे मुंबईतील नागपाड्यात 'नेबरहूड हाउस' हे वस्तीसेवेचे केंद्र चालवीत होते. वस्तीतील दारिद्र्य, आजार आणि बेकारी यांच्याशी भिडण्यासाठी केवळ कळवळा पुरत नाही, त्यासाठी प्रशिक्षण हवे, अशी त्यांची धारणा होती, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पाठबळावर १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था त्यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली. प्रवेश पदवीधरांनाच होता, अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता, आणि शेवटी मिळणारी पदविका समाजसेवेच्या प्रशासनाची होती. तिचा व्यवस्थापनाशी उघड संबंध नव्हता. परंतु बालकल्याण आणि कुटुंबकल्याण यांच्या बरोबरीने औद्योगिक कामगारांचे प्रश्न हाही या शाळेचा विषय होता, आणि क्षेत्रकार्य, म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष संस्थेत किंवा वस्तीत जाऊन देखरेखीखाली केलेले काम, हा तिच्या शिक्षणाचा कणा होता. त्यामुळे येथून बाहेर पडलेला विद्यार्थी कामगाराला आधी त्याच्या घरच्या परिस्थितीसह ओळखत असे आणि मग हजेरीपटावर पाहत असे. १९४४ मध्ये हीच संस्था 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली. भारतात कामगार अधिकाऱ्याचे पदव्युत्तर शिक्षण व्यवस्थापनाच्या शाळेत सुरू न होता समाजकार्याच्या शाळेत सुरू झाले, ही गोष्ट नंतरच्या सगळ्या घडामोडी समजून घेताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सरकारी बाजूने दुसरी संस्था १९४७ मध्ये निघाली. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री होते, मुंबई औद्योगिक संबंध कायदा नुकताच झाला होता आणि तो राबवण्यासाठी सरकारला व उद्योगांना प्रशिक्षित माणसे हवी होती. बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालेली ही संस्था आज परळमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करून उभी आहे. ज्या लोखंडे यांच्या काळात गिरणीच्या आत तक्रारीला वाट नव्हती, त्यांचे नाव तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शाळेला मिळावे, हे औचित्याला धरूनच झाले.

मात्र पदविकेला खरी किंमत आली ती या संस्थांमुळे नव्हे, तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमामुळे. त्याआधी डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीने कामगार कल्याणाची व्यापक व्याख्या केली होती, तिच्यानुसार कायद्याने किंवा कराराने जेवढे देणे भाग आहे त्यापलीकडे जाऊन कामगाराच्या बौद्धिक, शारीरिक, नैतिक आणि आर्थिक उन्नतीसाठी केलेले सर्व काही कल्याणात मोडते. कारखाने कायद्याने या कल्पनेतला मोठा भाग सक्तीच्या कक्षेत आणला. २५० पेक्षा अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, आणि ५०० किंवा अधिक कामगार असतील तर कल्याण अधिकारी, अशा तरतुदी झाल्या, आणि त्या अधिकाऱ्याची कर्तव्ये, पात्रता व सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. महाराष्ट्राने यासंबंधीचे स्वतंत्र नियम १९६६ मध्ये केले. पदवी, मान्यताप्राप्त संस्थेची सामाजिक शास्त्रांतील पदवी किंवा पदविका आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान, असा या पात्रतेचा साधारण साचा होता. मालकाला मनातून असा अधिकारी नको असला तरी तो नेमणे भाग होते आणि नेमायचा तर पदविकाधारकच हवा होता. एखाद्या अभ्यासक्रमाला कायद्याने असे गिऱ्हाईक मिळवून दिल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. भाषेच्या अटीमुळे मराठी पदवीधरांना या पेशाचे दार विशेष सताड उघडले, असेही म्हणता येईल.

या अधिकाऱ्याची अवस्था मात्र पहिल्यापासून दुहेरी होती. पगार मालक देणार, कर्तव्ये सरकार ठरवणार आणि विश्वास कामगारांनी ठेवायचा, अशी ही मांडणी. राज्यांसाठीच्या नमुना नियमांनी त्याला कामगारांविरुद्धच्या शिस्तीच्या प्रकरणांत भाग घेण्यास आणि मालकाच्या वतीने न्यायालयात उभे राहण्यास मनाई केली. पण व्यवहारात आरोपपत्र तयार करण्यापासून युनियनशी बोलणी करण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात पडे. पंजाबच्या नियमांनुसार कल्याण अधिकाऱ्याला शिक्षा करण्यास कामगार आयुक्ताची संमती लागत असे आणि अधिकाऱ्याला राज्य सरकारकडे दाद मागता येत असे. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या एका प्रकरणात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि असे अपील ऐकताना राज्य सरकार हे न्यायाधिकरण म्हणूनच काम करते, असा निर्णय डिसेंबर १९६४ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने दिला. पुढे गजेंद्रगडकर यांच्याच अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात कल्याण अधिकारी हा प्रशासनाचाच घटक असावा असे म्हटले, पण मालकाच्या वतीने कामगार तंटे हाताळण्यास त्याला सांगू नये, असेही बजावले. दोन्ही वाक्ये एकाच वेळी पाळणे कोणाही माणसाला अवघडच होते.

पदविकेच्या वर्गांतून जे शिकवले जाई, त्याचा रोख या अवघडपणावरूनच ठरला. खात्यांतर्गत चौकशीचे उदाहरण घ्यावे. कामगाराला कोणत्या स्थायी आदेशाखाली कोणते गैरवर्तन केले हे नेमके सांगणारे आरोपपत्र द्यायचे, खुलाशाला पुरेशी मुदत द्यायची, घटनेत स्वतः गुंतलेला नाही असा चौकशी अधिकारी नेमायचा, साक्षीदार कामगाराच्या समक्ष तपासायचे, त्याला उलटतपासणीची संधी द्यायची, रोजच्या कामकाजावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या आणि निष्कर्षाला कारणे जोडायची. यांतली एक पायरी चुकली तरी बडतर्फ झालेला माणूस कामगार न्यायालयातून मागील पगारासह परत येऊ शकतो. हे ज्ञान पुस्तकी नव्हते, त्यावर कारखान्याचे पैसे अडकलेले असत. म्हणूनच आधीपासून टाइम ऑफिसमध्ये मस्टर सांभाळणारे, सुपरवायझर असलेले आणि युनियनचे काम करणारेही लोक अशा वर्गांना येऊ लागले. पुण्यात 'डीएलएल अँड एलडब्ल्यू', म्हणजे कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका, आणि विद्यापीठाची 'एमपीएम', म्हणजे कर्मचारी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, ही नावे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत परवलीची झाली. १९६३ मध्ये स्थापन झालेली कर्वे समाजसेवा संस्था आणि कोल्हापूर, नागपूर येथील समाजकार्य महाविद्यालये यांनीही कारखान्यांना अधिकारी पुरवले. नोकरी सांभाळून मिळवलेली ही पदविका मध्यमवर्गीय घरात बढतीची शिडी म्हणून ओळखली गेली, तिच्यातील समाजकार्याचा भाग मात्र हळूहळू आक्रसत गेला.

हा पेशा देशभर असाच आकार घेत होता. कलकत्त्यात १९४८ मध्ये कर्मचारी व्यवस्थापनाची आणि मुंबईत १९५० मध्ये कामगार व्यवस्थापनाची व्यावसायिक संस्था निघाली, दोन्हींचे १९८० मध्ये एकत्रीकरण झाले; जमशेदपूरला जेझुइट पाद्र्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या झेव्हियर संस्थेने तर आपल्या वर्गांत कामगार पुढाऱ्यांनाही बसवले.

सत्तरच्या दशकात या पेशाला नवे वळण लागले आणि तेही मुंबईतच. लार्सन अँड टुब्रो कंपनीने आपल्या कामगिरी-मूल्यमापनाच्या, म्हणजे कर्मचाऱ्याचे काम वर्षअखेर जोखण्याच्या, पद्धतीचा आढावा घेण्यासाठी अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना पाचारण केले, आणि त्यांच्या शिफारशींवरून १९७५ च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते कंपनीत उभे राहिले. माणसाची क्षमता वाढवणे हे काम शिस्त आणि तंटे यांच्यापासून वेगळे काढावे, हा त्यामागचा विचार होता, आणि तो विचार म्हणून चांगलाच होता. त्याचा परिणाम असा झाला की विकासाचे काम अधिकारी आणि पांढरपेशा कर्मचारी यांच्याकडे वळले, तर यंत्रावरचा कामगार जुन्या औद्योगिक संबंध खात्याकडेच राहिला. मनुष्यबळ विकास हा शब्दप्रयोग इतका प्रतिष्ठित झाला की १९८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानेही तेच नाव घेतले आणि २०२० पर्यंत ते वागवले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ज्या उद्योगाने लेबर ऑफिसर जन्माला घातला, तोच उद्योग मुंबईतून जवळपास नाहीसा झाला. १९९१ नंतर सेवाक्षेत्र वाढले, खाजगी व्यवस्थापन संस्थांची संख्या वाढली, टाटा इन्स्टिट्यूटसारख्या जुन्या ठिकाणी अभ्यासक्रमाचे नाव कर्मचारी व्यवस्थापन व औद्योगिक संबंध यावरून मानव संसाधन व्यवस्थापन व कामगार संबंध असे झाले, आणि निवड, वेतनरचना, नेतृत्वविकास हे विषय पुढच्या रांगेत येऊन बसले. काही महिन्यांची प्रमाणपत्रे आणि दूरशिक्षणाच्या पदविका आज सहज मिळतात. त्यांत क्षेत्रकार्य बहुधा नसते, आणि ही उणीव अभ्यासक्रम कितीही अद्ययावत केला तरी भरून निघणारी नाही.

याच काळात कारखान्याच्या दाराशी कंत्राटदार आला. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याखाली मूळ मालकाने नोंदणी करायची आणि कंत्राटदाराने परवाना घ्यायचा, असा नियम होता. चाकण किंवा रांजणगावच्या पट्ट्यात कंत्राटदाराची माणसे पुष्कळदा त्याच्याच गावाकडची किंवा त्याच्याच ओळखीची असतात, राहण्याची सोयही तोच पाहतो आणि उद्या कोण येणार हेही तोच ठरवतो. मनुष्यबळ खात्यातील पदविकाधारक त्याची हजेरी, भविष्यनिर्वाह निधीची चलने आणि परवान्याची मुदत तपासतो. भरतीचा निर्णय त्याच्या टेबलावर येत नाही. मुकादमाच्या हातून भरती काढून घेण्यासाठी जो पेशा उभा राहिला, त्याने नव्या मुकादमाची कागदपत्रे सांभाळण्यावर समाधान मानले आहे, असा निष्कर्ष कठोर असला तरी टाळता येण्याजोगा नाही.

२०२० मध्ये संमत झालेल्या नव्या श्रमसंहितांनी कल्याण अधिकाऱ्याच्या सक्तीची मर्यादा ५०० कामगारांवरून २५० वर आणली, स्थायी आदेशांची केंद्रीय कायद्यातील मर्यादा १०० वरून ३०० वर नेली आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी २० ऐवजी ५० माणसांपासून लागू केल्या. त्यामुळे २६० कामगारांच्या कारखान्यात यापुढे पदविकाधारक कल्याण अधिकारी असणे बंधनकारक राहील, पण ज्या लेखी नियमांच्या आधाराने त्याने कामगाराची तक्रार तोलायची, ते नियम असणे बंधनकारक राहणार नाही.